तेरा दिवसांची मुलगी

काठमांडू
१२ वैशाख, संवत २०८१

दिदी,

चैत्रापासून तुला अकरा वेळा फोन केला. नऊ वेळा तू उचललाच नाहीस. दोनदा उचललास आणि गप्प बसलीस. मागे तुझी ती लाल कोंबडी केकाटत होती, तिचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. म्हणजे कानाला फोन तूच लावला होतास. आता नाही म्हणू नकोस.

म्हणून शेवटी कागद घेतला. तू शाळेत मुलांचा खाऊ रांधतेस, म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. माहेरी पाठवलं तर बा चुलीत घालतील, तुझ्या सासरी पाठवलं तर त्यांच्या कानावर जाईल.

माघात मी आणि शोभाने लग्नाची नोंद केली. शोभा तुला आठवतच असेल. दिलशोभा राई, माझ्याबरोबर तिहारच्या दिवाळीला आली होती. नाचणीचं ढिंडो तीनदा मागून खाल्लं म्हणून आमा तिच्यावर खूश झाली होती बघ. तेव्हा मी तिला मैत्रीण म्हटलं होतं. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. पाच वर्षं आम्ही एका खोलीत राहतोय. ती विजेवरचा टेम्पो चालवते, मी ब्लाउज शिवते.

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने विचारलं, "दोघींत नवरा कोण?" मी म्हटलं, कुणीच नाही. तो म्हणाला, "असं कसं, फॉर्मात रकाना आहे." तर ही बया म्हणते, "गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहे, घाला मलाच नवऱ्यात!" अख्खं ऑफिस हसलं. मग त्याने वेगळी वही काढली. आमच्यासारख्यांची नोंद त्या वहीत, तात्पुरती. पक्का कायदा होईपर्यंत असंच चालायचं म्हणे. तरी पण शिक्का मारलाय, दिदी. सरकारचा शिक्का. बाहेर एका पेपरवाल्याने फोटो काढला.

तो फोटो तिकडे पोचला असणार. बा चिडले असतील, ते मी धरूनच चालले आहे. मला एवढंच सांग, दसैंच्या सणाला घरी येऊ का? मला आमाच्या हातचा टीका लावून घ्यायचाय. दोन वर्षं झाली कपाळ कोरडं आहे.

तुझी,
मेनुका

---

धारापानी, भोजपूर
५ ज्येष्ठ २०८१

कारटे,

लग्न करून मोकळी झालीस आणि चार महिन्यांनी मला विचारतेस फोटो पोचला का! खालच्या बाजारातल्या दुकानदाराने तो आपल्या फोनवर गावभर दाखवला. चहाबरोबर बिस्कीट द्यावं तसा. मी बघितला. बरी दिसत होतीस. ओढणी मात्र नीट घ्यायची होतीस.

फोनचं सांगते. बांनी मला आमाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, "मेनुकाशी तोंडाने एक शब्द बोलणार नाही." तू फोन केलास की मी कानाला लावते, कारण ऐकणार नाही असं म्हटलेलं नाही. हाताने लिहिणार नाही असंही म्हटलेलं नाही. बांना एवढं सुचलं नाही, नाहीतर तेही वदवलं असतं. तेव्हा लिही, मीही लिहीन. पण बोलायला लावू नकोस. आमाचं डोकं आहे ते.

फोटो आल्यावर तेरा दिवस घरात चूल धड पेटली नाही. ते जाऊ दे, होऊन गेलं. आता सगळं ठीक आहे. आमा बरी आहे. सुनसान दुपारी बा गवताला गेले की मी माहेरी जाते आणि तुझं पत्र वाचून दाखवते. नवऱ्याच्या रकान्याचं वाचलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "पुन्हा वाच."

दसैंचं आत्ताच काही धरू नकोस. अजून चार महिने आहेत.

तुझी दिदी,
तुलसा

---

काठमांडू
२८ आषाढ २०८१

दिदी,

आमा हसली हे मी शोभाला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "आता भाडं घेईन."

आमचं घर बदललं. कारण ऐक. शिक्का मिळाला तसं मला वाटलं, आता लपवाछपवी कशाला? घरमालकिणीला कागद दाखवला. ती चांगली बाई, चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाली, "कायद्याने बरोबरच असेल बाई तुमचं. पण माझ्या घरात लग्नाच्या मुली आहेत." महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली. जाताना घरची काकडी दिली, वर पुन्हा! भांडायचं तरी कुणाशी? कागदात लग्न दिलंय, खोली दिलेली नाही.

नव्या घरी आम्ही सख्ख्या बहिणी आहोत. शोभाचं नाक आणि माझं नाक बघून मालक म्हणाला, "वडील वेगळे का?" शोभा म्हणाली, "आई कडक होती, विचारायची सोय नव्हती." कागद ट्रंकेच्या तळाशी घातलाय, शिवणाच्या जुन्या कापडांखाली.

सोबत आमासाठी लाल चोळी पाठवतेय. माप आठवणीतून घेतलंय. ती वाळली असेल तर बाजूला टीप सोडलीय, घट्ट कर.

आणि ऐक, पुढे तीज येईल. लग्न झालेल्या लेकींना माहेर जेवायला बोलावतं. मी आता लग्न झालेली आहे, सरकारी शिक्क्याची. माझं ताट कुठाय? (थट्टा करतेय. पण खरंच, कुठाय?)

मेनुका

---

धारापानी
२३ भाद्रपद २०८१

मेनू,

तीज झाली. आमाने खीर, तांदळाच्या पिठाचे सेल, सगळं केलं. म्हणजे मी केलं, तिने बसून सांगितलं. माझं ताट वाढल्यावर म्हणाली, "अजून एक वाढ." मी वाढलं. बा ओसरीवर होते, त्यांनी बघितलं आणि उठून गोठ्यात गेले. ते ताट कुणी खाल्लं नाही. संध्याकाळी मी गाईला घातलं. तुला सांगू की नको, असं झालं होतं.

चोळी पोचली. जराशी ढिली आहे. घट्ट करू म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, टीप तिच्या हातची आहे." तांदळाच्या कणगीत ठेवलीय तिने.

दसैंला येऊ नकोस. पावसाने रस्ता तीन जागी तुटलाय, बस मध्येच उतरवते आणि पुढे चालायला लावते. आमच्या ह्यांना, तुझ्या भिनाजूंना, परवा दोन तास लागले. बांचंही डोकं अजून ताळ्यावर नाही. त्यात गर्दी, पाहुणे. तिहारनंतर बघू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

आमा बरी आहे. काळजी करू नकोस.

तुलसा

---

काठमांडू
२९ आश्विन २०८१

दिदी,

मी येऊन गेले.

रस्ता कुठेही तुटलेला नव्हता. एका ठिकाणी थोडा चिखल होता, बस सरळ गेली. शोभाला मी आणलं नाही, एकटीच आले. टीक्याच्या दिवशी दुपारी खालच्या बाजारात उतरले. चहा घ्यावा, तोंड धुवावं आणि मग वर चढावं म्हटलं. हॉटेलात कान्छी बज्यै बसली होती. तिने मला लहानपणी मांडीवर खेळवलंय. मी "ढोग दिलं बज्यै" म्हणून वाकले, तर ती किंचाळली. खरंच किंचाळली, दिदी. छातीवर थू थू केलं आणि अनवाणी पळाली. ऐंशीची बाई! हॉटेलवाल्याने माझ्या हातातला पेला घेतला नाही. म्हणाला, "खालीच ठेवा." मी वळले तसा फुटल्याचा आवाज आला. पोरं दुरून बघत होती. त्यातलं एक रडायला लागलं.

मग चढावर आपले मामा भेटले, कपाळभर टीका लावलेले. त्यांनी वाट अडवली. "वर जाऊ नकोस, तुझ्या आमाच्या छातीला सोसायचं नाही," म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. मी तिथेच एका दगडावर बसले. आपल्या घराचं छप्पर दिसत होतं. धूर निघत होता. तासभर बसले आणि परतीची बस घेतली.

मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ते मी धरून आले होते. पण हे काय आहे? बाईने बाईशी लग्न केलं तर ती भूत होते का? इथे काठमांडूत लोक नाक मुरडतात, खोली देत नाहीत, पण पळत तरी नाहीत.

आणि तू रस्त्याचं खोटं का लिहिलंस? तुलाही माझी लाजच वाटते ना? तसं असेल तर सरळ लिही. मी पत्रं बंद करेन.

मेनुका

---

धारापानी
९ मार्गशीर्ष २०८१

मेनू,

बसून वाच. शोभा घरी असताना वाच.

आमा गेली. २६ कार्तिकला, सकाळी, दूध तापत होतं तेव्हा. काल तेरावा झाला. वैशाखापासून तिला धाप लागायची, श्रावणापासून ती अंथरुणावर होती. छातीत पाणी झालं होतं. मी प्रत्येक पत्रात "बरी आहे" लिहीत गेले.

आता सगळंच सांगते, काय करायची ती शिक्षा कर.

तुझा फोटो गावात आला, त्याच्या चौथ्या दिवशी बांनी पंडित बाजेंना बोलावलं. दर्भाचा पुतळा केला. परदेशात हरवलेल्यांचा करतात ना, तसा. तुझी शाळेतली निळी ओढणी त्याला गुंडाळली आणि नदीवर नेऊन जाळला. तेरा दिवस घराने सूतक धरलं. तेराव्याला गाव जेवून गेलं. आमा म्हणाली, "माझी जिवंत पोर मी कशी जाळू?" बा म्हणाले, "मग तू तिच्याकडे जा." ती कुठे जाणार होती? ती कोपऱ्यात बसली. तेरा दिवस अळणी खाल्लं तिने, तुझ्या नावाने.

म्हणून कान्छी बज्यै पळाली. ती तुझा तिरस्कार करत नव्हती गं. ती तुझं तेराव्याचं जेवण जेवली होती, आणि तू तिच्या पाया पडायला वाकलीस. तिला वाटलं, न्यायला आलीस. ती अजून तापाने पडलीय.

मला तुझी लाज वाटत नाही. मला हे लिहायची लाज वाटत होती. काय लिहू? तुला जाळलंय, येऊ नकोस? त्यापेक्षा रस्ता तुटलाय लिहिणं सोपं होतं.

तू विचारशील, आमा इतकी आजारी होती तर एक फोन का नाही केलास? केला नाही. नंबर कितीदा काढला. पण तिच्या डोक्यावर हात ठेवलेला होता. वाटायचं, मी बोलले आणि त्याच दिवशी ती गेली तर? जन्मभर मीच मारली असं होईल. म्हणून तोंड शिवून बसले. शपथ पाळली, आणि ती गेलीच. तू तिला बघू शकली असतीस. हे माझ्यामुळे झालं. मी अडाणी आहे, मेनू. दुसरं काय म्हणू?

ती शेवटच्या आठवड्यात रोज विचारायची, "पत्र आलं का?" तुझं बाजारातलं पत्र आलं होतं. मी ते वाचलं नाही. त्याऐवजी मनानेच रचून सांगितलं, की मेनूचं दुकान छान चाललंय, शोभाने नवा टेम्पो घेतलाय. ऐकून झोपली.

सवाष्ण गेली म्हणून तिला लाल नेसवायचं होतं. कणगीतली चोळी मीच काढली आणि मीच घातली. कुणी विचारलं नाही.

क्रियेच्या पहिल्या दिवशी मी बाजेंना सगळ्यांसमोर विचारलं, "धाकटीला कळवायला हवं. तिने किती दिवस पाळायचे? लग्न झालेलीचे पाच की घरच्या मुलीचे तेरा?" मला वाटलं, काही ना काही एक तोंडातून निघेल. पाच म्हणाले तर तुझं लग्न मानल्यासारखं, तेरा म्हणाले तर तुला घरची मानल्यासारखं. बाजे बांकडे बघत राहिले. बा पांढरं नेसून बसले होते. म्हणाले, "मेलेल्याला सूतक लागत नाही."

तुलसा

---

काठमांडू
२७ मार्गशीर्ष २०८१

दिदी,

तेरा दिवस लिहिलं नाही, कारण पाळत होते. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मोजले. पाच नाही, तेरा. कुणाला विचारलं नाही.

घरमालकाला सांगावं लागलं. आमची आई गेली असं म्हटलं. तो शोभाकडे बघून म्हणाला, "तुम्हीही बसा मग, तुमचीही आईच ना." राई लोकांत रीत वेगळी, तिला यातलं काही ठाऊक नाही. तिने टेम्पो दुसरीला चालवायला दिला आणि तेरा दिवस माझ्यासमोर अळणी भात खाल्ला. मालकाच्या बायकोने आम्हा दोघींना दूध आणून दिलं. दोघींच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाचा कागद दाखवला असता तर शोभाला हे मिळालं नसतं. बहीण म्हणून खोटं बोललो म्हणून मिळालं. मला रडावं की हसावं कळेना. रडलेच.

तुझ्यावर मी खूप चिडलेय. तू आमाला मारलं नाहीस, ते मनातून काढ. पण तिला मला बघू दिलं नाहीस, हे खरं आहे आणि ते राहणार. तू "बरी आहे, बरी आहे" लिहीत होतीस आणि मी इथे हसत होते.

एकच मागते. यापुढे माझ्यापासून काही लपवू नकोस. कितीही वाईट असलं तरी. मी मेले हेसुद्धा मला नऊ महिन्यांनी कळलं, दिदी.

मेनुका

---

धारापानी
१४ पौष २०८१

मेनू,

लपवायचं नाही म्हणालीस. घे तर.

घर आणि वरचं शेत आमाच्या नावावर होतं. ते बांच्या नावावर व्हायला वॉर्ड ऑफिसातून नात्याचा दाखला लागतो. बा आणि मी गेलो. तिथे आता एक तरुण पोरगी बसते, धनकुटाची आहे, जिभेला हाड नाही. तिने कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाली, "दोन मुली दिसतायत. दुसरी कुठाय?"

बा म्हणाले, "वारली."

"मृत्यूची नोंद?"

"नाही केली."

"कधी वारल्या? कुठे? दवाखान्याचा कागद आहे का?"

मी खाली बघत होते. शेजारचा शिपाई गावचाच, त्याने तिच्या कानात सांगितलं. ती पोरगी आधी हसली, मग हसणं गिळलं आणि म्हणाली, "हजुरबा, गवत जाळल्याची नोंद आमच्याकडे होत नाही. त्यांना घेऊन या. समोर उभ्या राहिल्या पाहिजेत, सही केली पाहिजे, आणि तुम्ही ओळख पटवली पाहिजे."

बा तिथून उठले ते तडक घरी आले. आठवडा झाला, त्या दाखल्याचं नाव काढू देत नाहीत. ते तुला बोलावणार नाहीत. मी बोलावतेय. तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही. नाही आलीस तरी मी तुला दोष देणार नाही, तो तुझा हक्क आहे. पण आलीस तर त्यांना तुझ्यासमोर उभं राहावं लागेल.

आणि शपथेचं म्हणशील, तर जिच्या डोक्यावर हात ठेवला होता ती राहिली नाही. आता मी तुझ्याशी बोलेन.

तुलसा

---

काठमांडू
२१ माघ २०८१

दिदी,

काल पोचले. तू माझा हात धरून ठेवला होतास, त्याला अजून तुझ्या चुलीचा वास येतोय. फोनवर बोलता येईल आता, पण सवय लागलीय, म्हणून लिहितेच.

पुन्हा पुन्हा तेच आठवतंय. त्या धनकुटाच्या पोरीने विचारलं, "हजुरबा, ह्या कोण? ओळखता?" बांनी टोपी सारखी केली. मला वाटलं, आता उठून जातील. मग म्हणाले, "मेनुका. माझी धाकटी मुलगी." तू ऐकलंस ना? "माझी" म्हणाले. तिने नाव आणि नातं एवढंच विचारलं होतं. "माझी" त्यांनी आपणहून म्हटलं. माझ्या नावापुढे अंगठ्याचा ठसाही दिला.

शेताचं मला काही नको होतं, ते तुला माहीतच आहे. मी सही करायलाही आले नव्हते. हे ऐकायलाच आले होते.

एक गोष्ट तुला सांगते, शोभाला सांगितलेली नाही. तू चहा आणायला बाहेर गेली होतीस तेव्हा त्या पोरीने विचारलं, "विवाहित?" मी हो म्हटलं. कॉम्प्युटर नवऱ्याचं नाव मागायला लागला. तिने दिलशोभा राई टाकून बघितलं, घेईना. स्त्रीचं नाव त्या जागी बसतच नाही म्हणाली. बिचारीने दोनदा तालुक्याला फोन केला. तिकडून सांगितलं, ती तात्पुरत्या वहीतली लग्नं यात धरत नाहीत. मग ती हळूच म्हणाली, "दिदी, अविवाहित टाकू का? नाहीतर पुढे जातच नाही." बा बाकावर बसून होते, पाठ ताठ. मी म्हटलं, टाक.

शोभा त्या वेळी बाहेर थंडीत उभी होती. आत आली नाही, बांना अवघडायला नको म्हणून. येताना बसमध्ये तिने विचारलं, "सगळं नीट झालं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "चला, सासऱ्याने ओळखलं तरी!" आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

मी चूक केली का गं? लग्नाच्या एका रकान्यासाठी इतकं धावलो आणि दुसऱ्या रकान्यात तिला मीच पुसून आले. पण बांनी माझी म्हटलं. दोन्ही मिळत नव्हतं. एक तरी मिळालं.

कार्तिकात आमाचं वर्षश्राद्ध आहे. तेव्हा मी येणार. या वेळी वर घरापर्यंत. बांना हळूहळू विचारून ठेव.

तुझी,
मेनू

---

धारापानी
३ फाल्गुन २०८१

मेनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा तू इतकी खुशीत होतीस की मला तोंडाने सांगवलं नाही. "कोंबडी आजारी आहे" म्हणून फोन ठेवला. कोंबडी ठणठणीत आहे. तू मला लपवू नकोस म्हणालीस, म्हणून कागदावर लिहिते. लिहिताना चार कागद फाडले.

त्या दिवशी तुम्हाला बसमध्ये बसवून मी वर आले, तर बा घरी पोचले नव्हते. मी शोधत नदीवर गेले. माघातलं पाणी, हात घातला तर बोटं बधिर होतात. बा कपड्यांसकट छातीभर पाण्यात उभे होते. बाहेर आले, काठावर बसून जानवं बदललं. ओठ निळे झाले होते. मी शाल टाकायला गेले, तर "शिवू नकोस" म्हणाले.

मी विचारलं, "कुणाचं सूतक, बा?"

म्हणाले, "तिचंच. तोंडाने जिवंत केली ना आज. पुन्हा सुरुवातीपासून करायला हवं."

मेनू, त्यांनी पुन्हा तेरा दिवस धरले. पांढरं नेसले, गोठ्याशेजारच्या खोलीत चटईवर निजले, आपल्या हाताने एकवेळचं शिजवलं. काल तेरावा झाला. या वेळी गावाला जेवायला बोलावलं नाही, बाजेंनाही नाही. एकट्यानेच केलं सगळं. पाचव्या दिवसापासून ताप होता. मी औषध नेऊन ठेवायचे, ते तसंच राहायचं. सातव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी दारातून बघितलं. "माझी" म्हणाले ते खोटं नव्हतं गं, एवढं मी तुला सांगू शकते. ते खोटं असतं तर इतकं करावं लागलं नसतं. याने तुझं काही भागणार नाही, हेही मला कळतं.

शोभाला त्या रकान्याचं सांग. ती ऐकेल. तिच्यापासून लपवलंस तर माझ्यासारखी होशील.

वर्षश्राद्धाला ये की नको, ते मी सांगणार नाही. मागे मी "येऊ नकोस" म्हणाले आणि काय झालं ते आपण बघितलं. आलीस तर माझ्या घरी उतर, शोभाला घेऊन. भिनाजूंशी बोलून झालंय. ते म्हणाले, "खाट एकच आहे." मी म्हटलं, पुरेल.

अजून एक राहिलं. ते मागच्या मोठ्या पत्रात लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. पहिल्या वेळी, तुझा पुतळा जाळला तेव्हा, मीही पाळलं होतं. सासरी राहून, सगळे दिवस, अळणी खाऊन. बहीण मेल्यावर पाळतात तसं. कुणी सक्ती केली नव्हती. लोक काय म्हणतील म्हणून पाळलं.

या वेळी बांनी निरोप धाडला होता. मी नाही पाळलं.

दिदी